पीकेयू असलेली मुलं मोठी झाली की मेंदू कसा जपायचा

जन्मल्यावर पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं, पीकेयू (फिनाइलकीटोन्युरिया, प्रोटीनमधला एक घटक शरीराला मोडता न येण्याचा जन्मजात आजार) निघालं, दोन-तीन आठवड्यांच्या आत खास दूध सुरू झालं, शाळा-कॉलेज नीट पार पडलं आणि आता वय वीस, तीस, चाळीस. हे त्या लोकांसाठी लिहितेय, आणि त्यांच्या आईबाबांसाठी, नवरा-बायकोसाठी. आमची लेक इंग्लंडमध्येच जन्मली आणि वाढली, आता नोकरी करते, त्यामुळे यातलं बरंचसं इथल्या पद्धतीचं आहे, अमेरिका किंवा भारतात जिथे फरक पडतो तिथे सांगत जाईन. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, डाएट किंवा औषध बदलायचं तर तुमच्या मेटाबॉलिक टीमला विचारूनच.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. रक्तातलं फिनाइलअ‍ॅलनिन (प्रोटीनमधला तोच घटक, पुढे नुसतं फे लिहिते) वाढलं तर ते कळत नाही. शुगर कमी झाली तर घाम फुटतो, हातपाय गळतात, इथे तसं काहीच होत नाही, आणि 'मला बरं वाटतंय का' हे जे डोकं ठरवणार त्याच्यावरच परिणाम झालेला असतो. म्हणून 'मी डाएट सोडलं आणि मला काहीच झालं नाही' असं कोणी सांगितलं तर त्यांना एवढंच विचारा, शेवटची लेव्हल कधी काढली आणि किती आली.

आत काय चालतं ते थोडक्यात. यकृतात एक एन्झाइम असतं जे प्रोटीनमधल्या फेचं टायरोसिन करतं, पीकेयूमध्ये ते चालत नाही किंवा अगदी थोडं चालतं, मग फे रक्तात साठतं. मेंदूत शिरायचं दार फेला आणि बाकीच्या काही अमिनो आम्लांना एकच आहे. दादरला लोकलच्या दारात एकाच ग्रुपची पंधरा माणसं घुसली की बाकीचे प्लॅटफॉर्मवरच राहतात ना, तसं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन बाहेर अडकतात, आणि त्यांच्यापासूनच डोपामिन आणि सेरोटोनिन बनतं. म्हणजे लक्ष लागणं, कामाला हात घालणं, मूड, सगळं तिथेच येतं. शिवाय मेंदूतल्या पांढऱ्या भागावर, म्हणजे मायलिनवर, फेचा वेगळा परिणाम होतो जो एमआरआयमध्ये दिसतो. लहानपणी वेळेत उपचार झाल्यामुळे मतिमंदत्व टळलं हे खरंच, पण मोठेपणी फे चढं राहिलं तर हे दोन्ही परिणाम होतातच.

'पण आम्हाला तर दहाव्या वर्षी डाएट बंद करायला सांगितलं होतं' असं पन्नाशीतले लोक सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. १९३४ मध्ये नॉर्वेत डॉ. फोलिंगनी हा आजार शोधला, १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला डॉ. बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या मुलीला कमी फेचा आहार देऊन दाखवला, साठच्या दशकात गथ्री यांची रक्ताच्या ठिपक्याची टेस्ट आली आणि ब्रिटनमध्ये १९६९ पासून ती देशभर सुरू झाली. तेव्हा समजूत अशी होती की मेंदूची वाढ झाली की काम संपलं, म्हणून डाएट सोडवायचे. नंतर त्या मुलांचा आयक्यू, लक्ष, मूड घसरताना दिसला आणि सल्ला बदलून आयुष्यभर डाएट असा झाला. जन्मापासून उपचार मिळालेली पहिली पिढी आत्ता कुठे साठीकडे पोचतेय. त्यामुळे तुम्हाला लहानपणी जे सांगितलं गेलं ते त्या काळचं होतं, ते धरून बसू नका.

आता आकडा. २०१७ च्या युरोपियन गाइडलाइननुसार बारा वर्षांपर्यंत १२० ते ३६०, त्यानंतर १२० ते ६००, मायक्रोमोल प्रति लिटर. अमेरिकेत मात्र वय कितीही असो, ३६० च्या खालीच. भारतातल्या लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आला तर साधारण ६० ने गुणा, म्हणजे ६ म्हणजे ३६० आणि १० म्हणजे ६००. यावरून लोक खूप भांडतात. माझं मत विचाराल तर ४०० ला आरामात राहता येत असेल तर ६०० चालतं म्हणून सैल सोडू नका, पण ३६० च्या हट्टापायी सगळंच नकोसं होऊन सोडून देणार असाल तर ५५० ला वर्षानुवर्षं स्थिर राहणं कधीही परवडलं. एका महिन्यात ३०० आणि पुढच्या महिन्यात १,१०० हा प्रकार मात्र चांगला नाही. आणि १२० च्या खालीही जायचं नाही, फे शरीराला थोडं लागतंच.

लेव्हल घरीच काढायची, मोठ्या माणसांनी साधारण महिन्यातून एकदा. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आणि सप्लिमेंट (रोजचं खास प्रोटीन, ज्यात फे नसतं किंवा अगदी थोडं असतं) प्यायच्या आधी, आणि दर वेळी त्याच सुमारास, कारण रात्रभराच्या उपासानंतर लेव्हल सगळ्यात वर असते आणि दुपारी काढलेली सकाळच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. हात कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण पुसा, ओल्या बोटावर रक्त पसरतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, मधोमध जास्त दुखतं. पहिला थेंब पुसून टाका, मग हात खाली लोंबकळत ठेवून मोठा थेंब जमू द्या आणि एकाच थेंबात, लॅबला पोस्टाने पाठवायचं जे कार्ड असतं, त्यावरचं वर्तुळ भरा, मागच्या बाजूनेही लाल दिसलं पाहिजे. थेंबावर थेंब घालायचा नाही, बोट पिळायचं नाही, दोन्ही बाजूंनी रक्त लावायचं नाही, असं केलं की लॅब सॅम्पल परत पाठवते आणि तुमचा महिना वाया. कार्ड सपाट ठेवून पूर्ण वाळू द्या, रेडिएटरवर ठेवू नका, आणि त्याच दिवशी पोस्टात टाका. आमच्याकडे वाळलेली कार्डं मायक्रोवेव्हवर पडून राहायची सवय होती म्हणून आता लेकीने फोनमध्येच 'कार्ड पोस्ट' असा अलार्म लावलाय.

आकड्याबरोबर दोन ओळी लिहायची सवय लावा, त्या आठवड्यात झोप कशी होती, चिडचिड, काम किती रखडलं, आजारी होते का. वर्षभराने हे आकडे आणि या ओळी शेजारी ठेवल्या की तुमचं डोकं कुठल्या आकड्याला घसरतं ते दिसायला लागतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. आमच्या लेकीला साधारण ७०० च्या वर गेलं की अर्धवट ईमेल साठायला लागतात, म्हणजे लिहायला घेते, मधेच दुसरं काही उघडते, संध्याकाळी सात-आठ ड्राफ्ट पडलेले. तिला ते अजिबात जाणवत नाही, तिच्या बाबांना जाणवतं. म्हणून घरातल्या किंवा मित्रमैत्रिणींतल्या एकाला तरी सांगून ठेवा की मी अशी वागायला लागले की मला सांग, आणि त्याने सांगितलं तर त्याच्यावर डाफरायचं नाही, कार्ड काढायचं.

काय काय बघायचं? निर्णय घ्यायला वेळ लागणं, दोन कामं एकत्र न जमणं, विसराळूपणा, उगाच काळजी आणि घाबरणं, उदास वाटणं, लोकांत जावंसं न वाटणं. अंगावर दिसणाऱ्यात हाताला बारीक कंप, कप बशीवर ठेवताना खडखडणारा. हे सगळं हळूहळू येतं म्हणून स्वभावच तसा आहे असं घरचे धरून चालतात. ताप, ऑपरेशन, खूप वजन उतरवणं यातही लेव्हल चढते, कारण शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं, तेव्हा आजारपणात साखर-भात-तेल अशा कॅलरी चालू ठेवा आणि सप्लिमेंट जमेल तेवढं घोट घोट घेत राहा.

आता जेवण, आणि इथे मराठी घरात सगळ्यात मोठा घोळ होतो. आजीला वाटतं आपण शाकाहारी, मग प्रॉब्लेम कुठे? प्रॉब्लेम वरणात आहे. एक ग्रॅम प्रोटीन म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम फे, ब्रिटनमध्ये यालाच एक एक्सचेंज म्हणतात. क्लासिक, म्हणजे सगळ्यात तीव्र, पीकेयू असलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांना दिवसभरात दहाही एक्सचेंज झेपत नाहीत. घट्ट वरणाच्या एका वाटीत पाच-सहा जातात, एका मध्यम पोळीत तीनेक, पनीर, दही, खवा, शेंगदाणे, सोयाबीन, टोफू यांचं तर बोलूच नका. तूरडाळीत १०० ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रोटीन आणि शेंगदाण्यात पंचवीसेक. 'अगं काकू, नको' म्हटलं तरी 'घोटभर ताक तर आहे' म्हणून ग्लास पुढे येतोच.

पण आपल्याच स्वयंपाकघरात असं खूप आहे जे इथल्या डाएटिशियनच्या यादीत नसतं. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे दाण्याचं कूट न घालता खिचडी, वर बटाटा मोजून, तूप-जिरं हवं तेवढं, असा नाश्ता कुठल्याही महागड्या लो-प्रोटीन सीरियलपेक्षा बरा. साबुदाण्याची खीर करायची तर नारळाचं दूध पातळ आणि मोजून. आरारूट, कॉर्नफ्लोअर, तूप, तेल, साखर, गूळ, मध बिनधास्त. दुधी, पडवळ, दोडका, भोपळा, काकडी, टोमॅटो, वांगं, कांदा, गाजर बहुतेक ठिकाणी मोजावंच लागत नाही, ज्या भाज्याफळांत १०० ग्रॅमला फे ७५ मिलिग्रॅमपर्यंत आहे त्या मोजू नका असं युरोपियन गाइडलाइनच म्हणते. मटार, पालक, फ्लॉवर, ब्रोकोली, मका, बटाटा मात्र मोजायचे. भात मोजूनच, पण पोळीपेक्षा भातात जागा जास्त मिळते. आणि उपासाचं सगळंच चालतं असं नाही हं, राजगिऱ्यात भरपूर प्रोटीन असतं आणि भगरही मोजावी लागते.

लो-प्रोटीन पिठाचे फुलके तुटतात अशी सगळ्यांची तक्रार. पीठ उकळत्या पाण्यात उकडीसारखं भिजवा, त्यात थोडं इसबगोल घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटा. फुगेलच असं नाही पण भाजीला घास होतो. मोठ्या मुलाने हे स्वतः करायला शिकलं पाहिजे, लग्न होईपर्यंत आई डबे भरून देतेय हे चित्र मी बऱ्याच घरांत बघते आणि मग नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलं की तिथेच डाएट कोसळतं.

सगळ्यात धोक्याचं काय ते आता सांगते, आणि ते चिकन खाणं नाही. सप्लिमेंटचा वास आणि चव लहानपणापासून डोक्यात गेलेली असते म्हणून वीस-बाविसाव्या वर्षी ते बंद होतं, पण मांस-दूध-अंड्याची सवय नसते, किळस येते, तेही खाल्लं जात नाही. मग प्रोटीन कुठूनच पुरेसं नाही आणि बी-१२ कुठूनच नाही. आपल्याकडे तर घरच शाकाहारी, म्हणजे कोणाला हे वेगळं काही वाटतही नाही. बी-१२ खूप कमी झालं की पाठीच्या कण्यातल्या नसांना इजा होते. पाय बधिर, मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, पाय कडक होणं, नजर अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि स्वतःहून सांगा की मला पीकेयू आहे आणि मी सप्लिमेंट घेत नाहीये. उशीर झाला तर सगळं परत येत नाही.

दर वर्षीच्या तपासणीत बी-१२ बरोबर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडही मागा, कारण बी-१२ चा आकडा नॉर्मल दिसूनही आत कमतरता असू शकते. फेरिटिन, व्हिटॅमिन डी, फॉलिक अ‍ॅसिड, आणि हाडांची तपासणी कधी करायची तेही विचारा. बी-१२ कमी असेल तर डेंटिस्टला किंवा भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा, नायट्रस ऑक्साइड नावाचा गॅस असलेलं बी-१२ पण निकामी करतो. पार्टीत फुगे भरून घेतात तोच हा गॅस, तेव्हा तिकडेही नाही म्हणायचं.

सप्लिमेंट एकदम संध्याकाळी ढोसून चालत नाही, दिवसातून तीन-चार वेळा जेवणाबरोबर विभागून घेतलं तरच फे खाली राहतं. लहानपणीचं पावडर कालवून प्यायचंच नको असेल तर आता पाऊच आहेत, गोळ्या आहेत, चीज बनवताना निघणाऱ्या पाण्यातल्या जीएमपी प्रोटीनपासून केलेली पेयं आहेत जी बऱ्यापैकी दुधासारखी लागतात (यात थोडं फे असतं ते मोजा). डाएटिशियनकडून चार-पाच प्रकारांची सॅम्पल मागून बघा. ऑफिसात कोणी विचारलं तर लेक सरळ सांगते, 'हे माझं प्रोटीन आहे, तुमचं मला चालत नाही', विषय संपला.

जिमचा प्रोटीन शेक तुमच्यासाठी नाही. व्हे, सोया, मटार, कोलॅजन, सगळ्यात फे आहे. ट्रेनरला पीकेयू माहीत नसणार, त्याच्याशी वाद घालत बसू नका. आणि अ‍ॅस्पार्टेम हे स्वीटनर, म्हणजे ई-९५१, आणि त्याचाच भाऊ ई-९६२, यांतही फे आहे. ब्रिटनमध्ये २०१८ ला साखरेवरचा टॅक्स आला तेव्हापासून साध्या दिसणाऱ्या सरबतांतही स्वीटनर घुसलंय, डाएट लिहिलेलं नसलं तरी. पबमध्ये नळातून येणारं लेमोनेड कधीच विश्वासाने पिऊ नका. च्युइंगगम, विरघळणाऱ्या गोळ्या, खोकल्याची औषधं यांची लेबलं वाचा. भारतात अ‍ॅस्पार्टेम असलेल्या पाकिटावर फिनाइलकीटोन्युरिकसाठी नाही अशी सूचना छापतात, बारीक अक्षरात असते पण असते. सुक्रालोज, स्टीव्हिया, सॅकरिन चालतं.

औषधांबद्दल. सॅप्रोप्टेरिन २००७ मध्ये अमेरिकेत आलं, ते सगळ्यांना लागू पडत नाही, ज्यांचं एन्झाइम थोडं तरी जिवंत आहे अशांना, म्हणून आधी ट्रायल देऊन लेव्हल किती उतरते ते बघतात. पेगव्हॅलिएज हे रोजचं इंजेक्शन, अमेरिकेत २०१८ पासून मोठ्यांसाठी, ज्यांना लागतं त्यांचं फे खूपच खाली येतं आणि काही जण साधं जेवायला लागतात, पण तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका खरा आहे, सोबत अ‍ॅड्रेनालिनचं पेन बाळगावं लागतं. २०२५ मध्ये सेपियाप्टेरिनलाही युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तुमच्या देशात यातलं काय मिळतं ते विचारत राहा, पाच वर्षांपूर्वी नाही म्हणाले म्हणून आजही नाही असं नसतं. औषध सुरू झालं आणि जेवण मोकळं झालं तरी बी-१२ आणि बाकी तपासण्या सुटत नाहीत.

डिप्रेशन किंवा एडीएचडीसाठी डॉक्टरकडे गेलात तर गोळी सुरू करायच्या आधी त्याच आठवड्याची लेव्हल दाखवा. लेव्हल ९०० असेल तर आधी ती उतरवून काय फरक पडतो ते बघणं योग्य, आणि लेव्हल चांगली असूनही त्रास होत असेल तर गोळीची लाज नको, समुपदेशनाचीही नको. अठराव्या वर्षाच्या आसपास एकदा सविस्तर न्यूरोसायकॉलॉजी टेस्ट करून घ्या, लक्ष, वेग, नियोजन याची, म्हणजे पुढे काही बदललं तर तुलनेला काहीतरी हाताशी राहील. एमआरआय दर वर्षी काढायची गरज नाही, काही नवीन लक्षण आलं तरच. आणि एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले म्हणून घाबरून जाऊ नका, फे काही महिने नीट खाली ठेवलं की ते बऱ्याच जणांत कमी झालेले दिसलेत.

मुलींसाठी वेगळं आणि स्पष्ट. गर्भ राहायच्या आधीपासून फे ३६० च्या खाली हवं, कारण आईचं चढं फे बाळापर्यंत पोचतं आणि बाळाला पीकेयू नसलं तरी त्याचं डोकं लहान राहणं, हृदयात दोष, मतिमंदत्व हे होऊ शकतं. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत महत्त्वाचे आठवडे गेलेले असतात. म्हणून तयारी होईपर्यंत गर्भनिरोधक, मग डाएट घट्ट, आठवड्याला लेव्हल, आणि गरोदरपणात आठवड्यातून दोनदा. लग्न ठरवताना सासरी हे आधी सांगा, लपवून ठेवलं की पहिल्याच सणाला पुरणपोळी ताटात पडते आणि तिथून खोटं बोलायला सुरुवात होते. चुकून दिवस राहिलेच तर रडत बसू नका, त्याच दिवशी क्लिनिकला फोन. बापाला पीकेयू असेल तर त्याच्या डाएटचा बाळावर असा परिणाम होत नाही.

क्लिनिक सुटून वर्षं झाली असतील तर परत जाता येतं. आमच्या ओळखीच्या एका मुलाला लहान मुलांच्या विभागातून सोडलं आणि मोठ्यांच्या विभागाचं पत्र कधी आलंच नाही, सहा-सात वर्षं कोणी विचारलं नाही. जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, सरळ सांगा, 'मला पीकेयू आहे, मोठ्यांच्या मेटाबॉलिक क्लिनिकला रेफर करा.' पहिल्याच दिवशी सगळं बंद करून घास-फूस खायला लागू नका. आधी रक्त तपासा, बी-१२ भरून काढा, सप्लिमेंट दिवसातून एकदा, मग दोनदा असं सवयीला आणा, त्यानंतर एकेक पदार्थ कमी करा. डोक्यातला फरक आठवड्याभरात दिसत नाही, काहींना महिने लागतात.

भारतात जाताना सप्लिमेंट निम्मं हातातल्या बॅगेत, निम्मं चेक-इनमध्ये, आणि डॉक्टरचं पत्र ज्यात लिहिलेलं असेल की हे वैद्यकीय अन्न आहे, पातळ पाऊच आहेत, सोबत टोचायच्या लॅन्सेट आहेत. जायच्या आदल्या आठवड्यात एक लेव्हल आणि आल्यावर एक. मुक्काम मोठा असेल तर मुंबईत केईएम हे दुर्मिळ आजारांसाठीचं सरकारमान्य केंद्र आहे, आणि २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात खास आहाराने सांभाळता येणाऱ्या आजारांच्या यादीत पीकेयू आहे. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणी सुरू केली होती, पण देशभर सक्तीची अशी तपासणी अजून नाही, त्यामुळे तिथल्या साध्या डॉक्टरने जन्मापासून उपचार झालेला मोठा पीकेयू पेशंट बघितलेलाच नसेल. क्लिनिकच्या इमर्जन्सी पत्राचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि ज्यांच्याकडे उतरणार त्या मावशी-काकूंना दोन दिवस आधी यादी पाठवा, साबुदाणा, दुधी, टोमॅटो, तूप, बटाटे, आणि शेवटी मोठ्या अक्षरात, कूट नको.